वायरमनच्या हाती मज्जातंतू

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द कागदापुरताच धर. घरच्या वर्कशॉपच्या जमिनीवर सध्या आठही अंगं टेकवायला जागा नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कॉलेजातून दुरुस्तीला आणलेला एक मज्जातंतू पसरलेला आहे आणि त्यावर पाय पडला की तिथल्या मोठ्या बाई रागावतात. तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? तापानंतरच्या त्या पायांच्या मुंग्या गेल्या का? जिना चढताना कठड्याला धरतेस ना? यावर तू ‘मला काय धाड भरलीये’ असंच उत्तर देणार, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे प्रश्न मी तुला नुसते रिवाज म्हणून विचारतोय. खरी उत्तरं दाजींकडून काढून घेतलेली आहेत. दाजी आत्ता आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीत झोपले आहेत. नवा चष्मा आणायला आले होते, तो मिळाला, आणि तो डोळ्यांवर तसाच ठेवून त्यांना झोप लागली आहे. चष्म्यातून स्वप्नं जास्त स्वच्छ दिसतात का, याची खात्री करून घेत असावेत. संध्याकाळच्या गाडीने ते परत निघतील आणि हे पत्र तुझ्या हातात देतील.

पत्रास कारण की, कारण काही नाही. सहज लिहितोय. दाजी मघाशी चहा पिताना बोलून गेले, की तू शिलाई मशीन झाकून ठेवलंयस, गिऱ्हाइकांची कापडं परत केलीयस, आणि येत्या रविवारी एक माणूस मशीन बघायला येणार आहे, पसंत पडलं तर घेऊनच जाणार आहे. कॉलरला टीप घालताना सुई तुझ्या बोटातून गेली, आणि पांढऱ्या कापडावर लाल डाग दिसेपर्यंत तुला पत्ताच लागला नाही, हेही त्यांनी सांगितलं. तुझ्या भावजयीचा कप हातातच राहिला. मशीन तुझं, बोटं तुझी, निर्णय तुझा. मी त्यात पडणारा कोण? तेव्हा हे पत्र त्याबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो आणि माझी हकीकत सांगायला लागतो.

मी मेडिकल कॉलेजचा वायरमन, हे तू जाणतेसच. पण मागे शरीररचनेच्या संग्रहालयातल्या सांगाड्याचा जबडा निखळला, तो मी तारेने असा बांधून दिला की आता तो उघडतो आणि मिटतोही. (मिटल्यावर तो किंचित हसल्यासारखा दिसतो, ते शास्त्रात बसत नाही, पण विद्यार्थ्यांना आवडतं.) तेव्हापासून त्या खात्याच्या मोठ्या बाईंचा समज झाला आहे की माझ्या बोटांत कला आहे. आता संग्रहालयाला नवं दालन जोडलंय. तिथे त्वचा, स्नायू, हाडं यांच्या आतली वीण मोठी करून दाखवायची आहे. बाकीचे नमुने तयार मिळाले. मज्जासंस्थेचा मात्र मिळाला तो तळहाताएवढा, आणि बाईंना हवा होता दालनभर लांब, मुलांनी खालून चालत जावं असा. बाई म्हणाल्या, “वायरीचंच तर काम आहे हो, तुम्हाला जमेल.” मी ‘हो’ म्हणालो. कळलेली वस्तू करायला घेतली की कंटाळा येतो, न कळलेली घेतली की निदान जीव गुंतून राहतो.

आधी बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवून एक काच दाखवली. काय सांगू ताई तुला! पिवळसर उजेड, आणि त्यात काळ्या काळ्या चेतापेशी. ओल्या कागदावर शाईचा थेंब पडावा आणि त्याला सगळीकडून पाय फुटावेत, तशा. मधे पेशीचं अंग, त्याला भोवताली बारीक फांद्या, त्या निरोप आत घेणाऱ्या. आणि एका बाजूने निघालेला एक लांब धागा, तो निरोप बाहेर नेणारा. तो धागा काचेच्या कडेपर्यंत जाऊन दिसेनासा झाला. तो पुढे कुठे जात असेल, या विचारात मी जो गेलो तो गेलोच. मला वाटलं, मी त्या पिवळ्या उजेडात उभा आहे, दुपार आहे, कुणाचीही घाई नाही, आणि लांबून कुणीतरी मला हाक मारतंय, पण हाक अजून वाटेत आहे. हाक बाईंची होती आणि ती वाटेत नसून माझ्या कानाशीच होती. मागे विद्यार्थ्यांची रांग लागली होती. (लहानपणी आई मला तंद्र्या म्हणायची आणि तू तिला ‘त्याला तसं म्हणू नकोस’ म्हणून सांगायचीस. आता त्या खात्यातही मला तेच म्हणतात, आणि तिथे तसं सांगणारं कुणी नाही.)

कामाला लागलो. जाड तारेचा धागा केला, बारीक तारांच्या फांद्या केल्या, लगद्याची अंगं केली. अशा दोन पेशी झाल्यावर पहिल्या पेशीच्या धाग्याची टोकं मी दुसरीच्या फांद्यांना पक्कडीने पिळून घट्ट जोडली, वरून सोल्डर केलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली. उभ्या आयुष्यात इतका सुंदर सांधा मी जोडला नव्हता. बाई आल्या, शिडीवर चढल्या, आणि म्हणाल्या, “हे कोणी केलं?” मी म्हटलं, “मीच. ओढून बघा, सुटायचं नाही.” बाई शिडीवरच बसल्या. मग त्यांनी समजावलं, की दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतातच मुळी. मधे एक फट असते, इतकी अरुंद की मी ज्यातून पाहिलं त्या सूक्ष्मदर्शकातूनही ती दिसायची नाही. निरोप टोकाशी पोचला की तिथून कसलंसं रसायन सुटतं, ते फट ओलांडतं, पलीकडची पेशी ते झेलते, आणि मग निरोप पुढे निघतो. म्हणजे तू, मी, दाजी, खुद्द मोठ्या बाई, आपण सगळे लूज कनेक्शनवर चाललोय! घरी येऊन मी हे तुझ्या भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, “तरीच. तुम्हाला हाक मारली की पोचायला वेळ लागतो.” मी दुसऱ्या दिवशी कडू तोंडाने माझा सुंदर सांधा कापून मोकळा केला.

पुढचं काम आवरणाचं. त्या लांब धाग्यावर मायलिन नावाचं एक पांढरं, मेदाचं आवरण असतं. ते म्हणजे कुणी वरून चढवलेली नळी नव्हे. धाग्याच्या कडेला राहणाऱ्या छोट्या पेशी स्वतःलाच त्याच्याभोवती गुंडाळून घेतात, घडीवर घडी, गादीची वळकटी करावी तशा. निरोप त्यामुळे झपाट्याने जातो. मी म्हटलं, हे आपलं खातं, इन्सुलेशनचं. वसतिगृहातून बाद झालेल्या पांढऱ्या चादरी मागून आणल्या, पट्ट्या फाडल्या, गुंडाळल्या. बाईंनी बजावलं होतं की एका पट्टीनंतर दुसरी सुरू होण्याआधी थोडी जागा उघडी सोडा आणि तिथे एकेक बारका दिवा लावा. मी सोडली. लावले. पण ताई, मी वायरमन आहे. उघडी वायर दिसली की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. आमच्या उस्तादांनी आम्हाला अक्षरओळख नंतर दिली, चिकटपट्टी आधी दिली. जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच होतो, हातात चिकटपट्टीचं भेंडोळं होतं, आणि मन कुठेतरी भरकटलं होतं. सुट्टी संपली तेव्हा एकही उघडी जागा शिल्लक नव्हती. सगळं छान, पांढरं, सुरक्षित.

मग बाई इतर प्राध्यापकांना घेऊन प्रात्यक्षिक बघायला आल्या. मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे आत सगळं झालं, दिवे एकामागोमाग एक लागले, मला त्यांची ऊब हाताला कळत होती, पण वरून पट्टी. बाईंनी विचारलं, “निरोप कुठे गेला?” मी म्हटलं, “आत आहे. सुखरूप आहे.” त्यावर एक तरुण मास्तर खिडकीतून बाहेर बघू लागले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला एक पट्टी सोलायला लावली आणि म्हणाल्या, की अहो, या उघड्या जागांवरूनच तर निरोप उड्या मारत जातो, या बुजवल्या तर तो जाणार कसा? मी पट्ट्या सोलत गेलो आणि एकेक दिवा उघडा पडत गेला. बाई बटण दाबत होत्या. उजेड एका जागेवरून उडी मारून पुढच्या जागेवर, तिथून पुढच्या, असा दालनाच्या टोकाला गेला, आणि मी पट्टीचं भेंडोळं हातात घेऊन तोंड उघडं टाकून बघत राहिलो. असं काहीतरी आपल्या अंगात चाललेलं असतं आणि आपण खुशाल भाजीला निघतो!

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र इथेच संपवलं असतं. (तू म्हणशील, नसतं संपवलंस. बरोबर आहे.) पण चादरीच्या पट्ट्या मी टाचण्यांनी अडकवल्या होत्या, कारण शिवणं मला येत नाही. एकदा मी प्रयत्न केला होता तेव्हा शर्टाची बाही खिशाला जोडली गेली होती, हे तुला आठवत असेल, तू ती उसवून दिली होतीस. तर दुसऱ्या दिवशी दुपारी छताचा एक हूक कलला आणि त्या बाजूला धागा उतरता झाला. एक टाचणी सुटली. मग सगळं आवरणच हळूहळू, सैल पायमोज्यासारखं, घसरत घसरत खालच्या टोकाला गेलं आणि तिथल्या बाकावर आडव्या झालेल्या शिपायावर पडलं. शिपाई वामकुक्षी घेत होता. त्याला जाग आली ती पांढऱ्या चादरींच्या आत. आता तूच विचार कर, शरीररचनेचं खातं, पलीकडच्या दालनात काय काय झाकून ठेवलेलं असतं ते तुला मी सांगितलंय, आणि डोळे उघडावेत तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर! “अहो, मी आहे! मी अजून आहे!” असा त्याचा आवाज सगळ्या इमारतीत गेला. विद्यार्थी धावत आले. तो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याची बायको मात्र भेटली तेव्हा म्हणाली, की त्या दिवसापासून हे घरी जरा माणसात आलेत.

आवरण खाली पडलं तसा धागा नुसता राहिला. मी शिडीवर बसून तो बघत होतो. बाई खाली उभ्या राहून मला आणखी एक चूक दाखवत होत्या, की मी फक्त चेतापेशीच केल्यात, आणि त्यांच्या भोवतालच्या आधारपेशी कुठे आहेत? त्याही जवळपास तितक्याच असतात म्हणे. कुणी दाणापाणी बघतं, कुणी केरवारे करतं, कुणी हे आवरण गुंडाळून देतं. त्या निरोप नेत नाहीत, म्हणून त्यांचं नाव होत नाही. मी त्यांच्यासाठी मिळालेला स्पंज एका खोक्यात भरून जिन्याखाली ठेवला होता, उरलेला माल म्हणून. मला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या भरात मी बाईंना विचारून टाकलं, की बाई, समजा एखाद्याचं हे आवरण ताप येऊन गेल्यावर मधेमधे निघून गेलं, तर काय होईल?

बाई म्हणाल्या, “निरोप रेंगाळेल. कधी पोचेल, कधी पोचणार नाही.” मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “कुणाचं गेलंय?”

मी तुझं नाव सांगितलं. तुझी बोटं कशी कापडावरून नुसती फिरून कुठे दुमड चुकलीय ते सांगायची, तेही सांगितलं. जरा जास्तच सांगितलं असावं, कारण बाई खुर्ची ओढून बसल्या. त्या म्हणाल्या, न तपासता मी काही छातीठोक सांगणार नाही. नुसतं आवरण गेलं असेल आणि आतला धागा शाबूत असेल, तर त्या छोट्या पेशी पुन्हा गुंडाळायला बसतात, आवरण आधीपेक्षा पातळ होतं, पण काम होतं. धागाच तुटला असेल तर तोही वाढतो, पण इतका सावकाश की माणसाचा धीर आधी सुटतो. आणि सगळं पहिल्यासारखं होईल असं मी लिहून देणार नाही. पण बोटं रिकामी ठेवू नका म्हणावं, त्यांना काम द्या, बोटांना कळत नाही तोवर डोळ्यांनी बघून करा, आणि एकदा इकडे तपासायला घेऊन या.

शेवटी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि त्या दुपारी माझ्याकडून पुढचं काम झालं नाही. तुझ्या बोटाच्या टोकाला कापड लागतं तेव्हा ते ज्या पेशीला कळतं, तिचं अंग बोटात नसतंच. ते असतं मानेच्या मागे, मणक्याच्या कडेला. तिथून तिचा एकच धागा खांदा, दंड, कोपर, मनगट असा बोटापर्यंत आलेला असतो. डोळ्यांना न दिसणारी एकच पेशी, आणि अख्ख्या हाताएवढी लांब! मी शिडीवर डोळे मिटून बसलो आणि त्या वाटेने चालू लागलो. कोपरापाशी ऊन होतं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडाच्या वळकट्या, मधेमधे उघड्या जागेतून उजेड येत होता. वाटेत मला तुझा एक निरोप भेटला. कॉलरची दुमड जाड झालीय, एवढाच साधा निरोप, पण पुढे आवरण नव्हतं म्हणून तो आपला रस्त्याच्या कडेला बसून होता. मी त्याच्या शेजारी बसलो. लांबवर एक बाई मांडीवर पांढरं कापड घेऊन गुंडाळत येत होत्या, अगदी सावकाश, मान वर न करता. मी निरोपाला म्हटलं, जाऊ नकोस रे परत, त्या येतायत. ताई, मला त्या वेळी फार रडू आलं. शिडीवर रडणं सुरक्षिततेच्या नियमात बसत नाही, म्हणून उतरलो.

असो. लिहिता लिहिता वाहवत गेलो. दाजी जागे झालेत आणि डोळ्यांवरचा चष्मा सगळ्या घरात शोधतायत. इकडे सर्व ठीक. तुझी भावजय नमस्कार सांगते. लहानांना आशीर्वाद, मोठी तिथे तूच, म्हणून तुला पुन्हा एकदा नमस्कार, उभ्यानेच.

तुझा धाकटा

ता. क. : दाजींबरोबर एक मोठं बोचकं पाठवलंय. आत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. ‘उशीचं सामान आहे’ असं सांगितलंय, म्हणजे गाडीत टेकून तरी बसतील. आत वसतिगृहाच्या चादरी आहेत. त्यांच्या लांब पट्ट्या करून कडेला एकेक सरळ टीप घालून हवी आहे. पट्टी रुंद आहे, टीप जाड दोऱ्याची हवी, दालनाच्या दुसऱ्या टोकावरून दिसली पाहिजे. बोटांना काही कळायची गरज नाही, नुसते डोळे पुरतात. सुईपासून बोट लांब ठेवायला कापड मोजपट्टीने सरकव. वाकडी गेली तरी चालेल, खऱ्या पेशी कुठे सरळ असतात?

ता. क. २ : टीप घालून झाली की पट्ट्या घेऊन तूच ये, दाजींच्या हाती पाठवू नकोस. बाईंनी तपासायची वेळ ठरवून दिली आहे. मी त्यांना आधीच ‘ती येतेय’ म्हणून सांगून बसलोय.

ता. क. ३ : तुझ्यापासून काय लपवायचं? चादरींची तशी कुणाला गरज नाही. बाजारात फोमची पांढरी नळी तयार मिळते, बाईंनी ती पसंतही करून ठेवली होती. मीच जाऊन आलो आणि ‘मिळत नाही’ म्हणून सांगितलं. बाईंनी त्या नळीचा कागद घडी करून बाजूला ठेवला आणि त्या म्हणाल्या, “बरं, मग शिवूनच आणवा.”

ता. क. ४ : रविवारी तो माणूस आला तर त्याला चहा दे आणि सांग, की मशीन गेलं. कुणाला म्हणून विचारलं तर म्हण, धाकट्या भावाने घेतलं. मग ते अजून इथेच कसं, असं विचारलं तर म्हण, त्याच्या घरी ठेवायला जागा झाली की तो नेईल. जागा कधीच होणार नाही, ते मी आणि तुझी भावजय बघून घेऊ.